गोल बार्न पाहायचा तर कुठला? हॅन्कॉक, माउंट व्हर्नन, शेलबर्न की आर्केडिया

उत्तर आधीच सांगतो. एकच गोल बार्न, म्हणजे अमेरिकी शेतावरचं गोल गोठा-कोठार, पाहायला जमणार असेल, तर मॅसॅच्युसेट्समधल्या हॅन्कॉकचा दगडी बार्न पाहा. पण सोबत गावाकडून आलेले आजी-आजोबा असतील आणि त्यांनी कधीकाळी खळ्यावर मळणीसाठी बैलांची पात हाकली असेल, तर गाडी व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्ननकडे वळवा. व्हरमाँटचं शेलबर्न आणि ओक्लाहोमाचं आर्केडिया ही दोन्ही ठिकाणंही जाण्यासारखी आहेत. तिथे जायची कारणं मात्र वेगळी आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि मुलांकडे दोन-चार महिन्यांसाठी जाणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहितो आहे. नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं, वॉशिंग्टनची संग्रहालयं होतात. पण ज्यांचं आयुष्य शेतात गेलं, त्यांना या देशातला शेतकरी पूर्वी जनावरं कशी सांभाळायचा, धान्य कुठे ठेवायचा, बर्फाच्या दिवसांत काय करायचा, हे या सगळ्यात कुठेच दिसत नाही. बार्नमध्ये शिरलं की ते दिसतं. गोठा, वैरणीचा माळा, धान्याचं कोठार आणि अवजारांची जागा असं सगळं एकाच छपराखाली. उत्तरेकडे जमीन महिनोन्‌महिने बर्फाखाली असते. तेवढे दिवस जनावरं आत बांधून ठेवायची आणि त्यांना पुरेल एवढं गवत आधीच आत भरून ठेवायचं, हा तिथल्या शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब असायचा.

बहुतेक बार्न लांबट, चौकोनी असतात. गोल बार्न थोडेच बांधले गेले, आणि त्यातलेही आता कमी उरलेत. निवड करताना मी एकच प्रश्न विचारतो: बाहेरून भिंत गोल आहे हे ठीक, पण आत काम गोल फिरत होतं का? जिथे फिरत होतं, तिथे तो आकार पाहताक्षणी पटतो.

गोल कशासाठी?

पहिलं कारण सरळ गणिताचं. ६० फूट व्यासाच्या गोल बार्नमध्ये सुमारे २,८२७ चौरस फूट जागा मिळते आणि भिंत लागते साधारण १८८ फूट. तेवढीच जागा ३६ फूट रुंदीच्या लांबट बार्नमध्ये हवी असेल, तर लांबी साडेअठ्ठ्याहत्तर फूट होते आणि भिंत लागते २२९ फूट. म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त भिंत, तेवढंच जास्त लाकूड, तेवढाच जास्त रंग. इलिनॉय विद्यापीठात विल्बर फ्रेझर यांनी हा हिशेब खर्चासकट मांडला. त्यांची पुस्तिका १९१० साली निघाली आणि अर्बाना इथे विद्यापीठाने स्वतःच्या दुग्धशाळेसाठी तीन गोल गोठे बांधले. ते आजही उभे आहेत. शिकागोकडून त्या बाजूला जाणं झालं, तर बाहेरून जरूर पाहा.

दुसरं कारण गाय स्वतःच. गाय तोंडाकडे अरुंद आणि मागे रुंद. वर्तुळात मध्याकडे तोंड करून गाई बांधल्या की प्रत्येकीची जागा आपोआप पुढे निमुळती, मागे ऐसपैस होते. गव्हाण मधोमध येते. एक माणूस आत उभा राहून सगळ्या गाईंना वैरण घालू शकतो, त्याला लांबच लांब दावणीच्या टोकापर्यंत पाट्या वाहाव्या लागत नाहीत.

मग सगळ्यांनी गोलच का नाही बांधले? कारण वाढवता येत नाहीत. चौकोनी गोठ्याला दहा गाई वाढल्या तर एका टोकाला आणखी दोन खण जोडता येतात, वर्तुळाला टोकच नसतं. शिवाय वाकवलेली लाकडं, वक्र पट्ट्या, मधे खांब न घेता पेललेलं छप्पर ही कामं गावातल्या कुठल्याही सुताराला जमणारी नव्हती. मोठ्या व्यासाच्या बार्नमध्ये मध्यापर्यंत उजेड पोचत नसे. पुढे ट्रॅक्टर आणि दूध काढायची यंत्रं आली, आणि माणसाची पावलं वाचवणं हा गोल गोठ्याचा सगळ्यात मोठा फायदा तितकासा मोलाचा उरला नाही.

हॅन्कॉक: इथे सगळंच फिरतं

हॅन्कॉकचा बार्न १८२६ साली शेकर लोकांनी बांधला. हा पंथ आधी समजून घ्यायला हवा, कारण त्याशिवाय हा बार्न कळत नाही. अ‍ॅन ली ही इंग्लंडमधली बाई १७७४ मध्ये थोड्या अनुयायांना घेऊन अमेरिकेत आली. तिच्या पंथात ब्रह्मचर्य होतं, खासगी मालमत्ता नव्हती, आणि हाताने केलेलं काम ही उपासना मानली जायची. स्त्री-पुरुष वेगवेगळ्या दारांनी ये-जा करत, सगळं उत्पन्न सामायिक. अशा वस्तीला एका कुटुंबापुरता गोठा काय पुरणार? त्यांना पन्नासहून अधिक गाई एका ठिकाणी सांभाळायच्या होत्या आणि हाताशी शिस्तीची, न भांडणारी माणसं होती. एकट्या शेतकऱ्याने एवढ्या मोठ्या दगडी बांधकामाचं धाडस केलं नसतं.

भिंत दगडाची, सुमारे २१ फूट उंच आणि तीन फुटांच्या आसपास जाड. व्यास नव्वद फुटांच्या आसपास. बार्न उतारावर बांधला आहे, आणि सगळी करामत त्या उतारात आहे. वरच्या बाजूने गाडीरस्ता थेट वरच्या मजल्यावर शिरतो. गवताने भरलेली घोडागाडी आत यायची, भिंतीलगतच्या गोल मजल्यावरून चालत जायची, जिथे थांबेल तिथून गवत मधल्या मोठ्या पोकळीत ढकललं जायचं, आणि फेरी पूर्ण करून गाडी त्याच दाराने बाहेर. कुठेही गाडी मागे घ्यावी लागत नाही. भरलेली गाडी जनावरांकरवी मागे ढकलणं किती त्रासाचं असतं, हे ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला सांगायला नको. एकामागोमाग कितीतरी गाड्या आत असल्या तरी एकीची दुसरीला अडचण होत नसे.

त्याखालच्या मजल्यावर गाई. त्यांची तोंडं मध्याकडे, म्हणजे वरून टाकलेल्या गवताच्या ढिगाकडे. वैरण उचलायची नाही, फक्त पुढे सरकवायची. गवताच्या मधोमध हवा जाण्यासाठी उभा झरोका ठेवलेला आहे, कारण ओलसर गवत दाबून भरलं की आतून तापतं आणि पेटतंही. नंतरच्या फेरबदलांत खाली शेणखताचा तळमजला केला गेला. गाईंच्या मागच्या झडपा उघडल्या की शेण खाली पडायचं, आणि खत शेतात न्यायला गाडी खालूनच भरली जायची.

गवत वरून येतं, गाय मधे उभी, शेण खाली जातं. जड वस्तू उचलण्याचं काम जवळपास सगळं पृथ्वीच्या ओढीवर सोपवलेलं. मला या बार्नमध्ये सर्वात जास्त आदर वाटतो तो या गोष्टीचा. इथे गोलाई दाखवायला केलेली नाही. गाडीची वाट, गाईंची रांग आणि गवताचा ढीग, तिन्ही एकाच मध्याभोवती बसवलेली आहेत.

१८६४ मध्ये आग लागून आतलं लाकूडकाम जळालं, दगडी भिंत उरली. आत नव्याने बांधकाम झालं, आणि पुढच्या दशकात वर खिडक्यांनी वेढलेला मजला आणि त्यावर छोटी घुमटी चढवली गेली. आज चित्रांत दिसतो तो हा बार्न. सुरुवातीला छप्पर शंकूसारखं होतं. खिडक्यांचा हा मजला नंतरचा आहे खरा, पण आतला उजेड त्याच्यामुळेच. खाली उभं राहून वर पाहिलं की मधल्या खांबांपासून सगळीकडे पसरलेल्या तुळया एका नजरेत येतात.

शेकरांची तिथली वस्ती १९६० मध्ये संपली. ब्रह्मचर्य पाळणाऱ्या पंथात नवी माणसं बाहेरून येणं थांबलं, की वस्ती ओसरणारच. त्यानंतर गाव संग्रहालय झालं आणि १९६८ मध्ये बार्नची मोठी दुरुस्ती झाली. आजही तिथे जनावरं आणि बाग आहे.

माउंट व्हर्नन: छपराखालचं खळं

माउंट व्हर्ननला लोक जॉर्ज वॉशिंग्टनचा वाडा पाहायला जातात आणि नदीकाठच्या शेताकडे फिरकतच नाहीत. तसं करू नका. तिथे सोळा बाजूंचं, दोन मजली, सुमारे ५२ फूट व्यासाचं मळणीचं कोठार आहे. काटेकोरपणे ते गोल नाही, सोळा सरळ भिंतींचं आहे. पण आत जे चालायचं ते पूर्ण वर्तुळात.

वॉशिंग्टनने तंबाखू सोडून गहू पिकवायला घेतला होता. गव्हाची मळणी दोन तऱ्हांनी व्हायची: माणसांनी दांडक्यांनी झोडपायचं, नाहीतर उघड्या जमिनीवर पेंढ्या पसरून त्यावर घोडे फिरवायचे. उघड्यावरच्या मळणीत धान्यात माती मिसळते, लीद मिसळते, पाऊस आला की सगळं भिजतं. त्याने १७९२ मध्ये या कोठाराचा आराखडा केला. तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष होता, फिलाडेल्फियात राहत होता आणि पत्रांतून बारीकसारीक सूचना पाठवत होता. १७९५ पर्यंत काम पूर्ण झालं.

रचना अशी: बाहेरून एक उतार वरच्या मजल्यापर्यंत जातो, त्याच्यावरून घोडे वर चढतात. वर गोल वाटेवर गव्हाच्या पेंढ्या पसरलेल्या. घोडे त्यावर फिरत राहतात. खालच्या फळ्यांमध्ये साधारण दीड इंचाच्या फटी ठेवलेल्या आहेत. दाणे सुटले की फटींतून खालच्या मजल्यावर पडतात, काड वरच राहतं. खालचा मजला म्हणजे कोठार, कुलूप लावता येईल असं. तिथे उफणणी करून गहू गिरणीकडे जायचा.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडत नाही. शेणाने सारवलेलं खळं, मधे तिवडा म्हणजे मळणीचा खांब, त्याभोवती पातीला जुंपलेले बैल आणि त्यांच्या मागे हाकणारा माणूस, हे ज्याने पाहिलंय तो वर गेला की लगेच ओळखतो. फरकही त्याच्या लगेच लक्षात येतो. आपल्या खळ्यावर दाणे आणि भूस एकत्र राहतात आणि पुढे वाऱ्यावर वेगळे करावे लागतात. इथे दाणा पायाखालून निघून जातो. आपल्याकडे मळणीच्या सुमाराला आभाळ बहुधा कोरडं असतं, म्हणून छपराचा खर्च कुणी केला नाही. व्हर्जिनियात पावसाचा भरवसा नाही. एकाच कामाला दोन हवामानांनी दिलेली ही दोन उत्तरं आहेत, आणि आजोबांना सोबत घेऊन हे पाहण्यात जो आनंद आहे तो हॅन्कॉकला मिळणार नाही. नातवंडांना तिवडा म्हणजे काय हे तिथे उभं राहून सांगता येतं.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. हे कोठार आराखड्यावरून उभं केलं ते गुलाम सुतारांनी, आणि त्यात राबणारेही गुलामच. वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ माणसं गुलामीत होती. खालच्या मजल्याला कुलूप लावायची सोय का हवी होती, याचं उत्तरही त्याच्याशी जोडलेलं आहे: धान्य ज्यांनी पिकवलं त्यांच्यापासूनच ते राखून ठेवायचं होतं. हॅन्कॉकमध्ये सगळ्यांचं सामायिक होतं, इथे कुणाच्या हाती काहीच नव्हतं. दोन्ही बार्न तितकेच चतुराईचे, पण ही तुलना मनात ठेवूनच ते पाहावेत असं मला वाटतं.

शेलबर्न: मुरघासाच्या मनोऱ्याभोवती

शेलबर्न संग्रहालयातला बार्न १९०१ चा, तीन मजली, ८० फूट व्यासाचा. तो मुळात ईस्ट पॅसम्प्सिक या गावी होता. १९८० च्या दशकाच्या मध्यात सुटा करून संग्रहालयात आणला आणि पुन्हा जोडला. त्यातला सायलो, म्हणजे चारा साठवायचा उंच मनोरा, हेलिकॉप्टरला टांगून आणला गेला.

हॅन्कॉकपेक्षा हा पंचाहत्तर वर्षांनी धाकटा, आणि त्या काळात वैरणच बदलली होती. विस्कॉन्सिनमध्ये प्राध्यापक फ्रँकलिन किंग यांनी १८८९ च्या सुमारास आपल्या भावाच्या शेतावर गोल गोठा बांधताना मधोमध उंच सायलो उभा केला. हिरवा मका चिरून त्यात दाबून भरायचा, तो आंबून मुरघास होतो आणि थंडीभर गाई दूध देत राहतात. सायलोचं वजन प्रचंड, आणि आत दाबलेला चारा सगळीकडे सारख्या जोराने भिंतीला रेटतो, म्हणून तो गोलच हवा. तो मधे आला की बाहेरचा बार्न त्याच्याभोवती गुंडाळता येतो, छपरालाही आधार मिळतो. शेलबर्नचा बार्न या पिढीतला आहे. दुग्धव्यवसाय करणाऱ्या, मुरघासाच्या पिशव्या भरणाऱ्या कुणाला सोबत नेत असाल, तर त्याला हॅन्कॉकच्या गवतापेक्षा हा मधला मनोरा जवळचा वाटेल.

पण आज तो बार्न म्हणून कमी आणि संग्रहालयाची इमारत म्हणून जास्त वापरात आहे. शेलबर्नचा मोठेपणा सगळा मिळून आहे: कोरड्या जमिनीवरून ओढत आणलेली टिकॉन्डरोगा ही वाफेची बोट, जुनी घरं, रजया, कलाकृती. बार्नसाठीच तिथे जाऊ नका. दिवसभराची सहल म्हणून जा, आणि बार्नला अर्धा तास जास्त द्या.

आर्केडिया: वाकवलेला ओक

ओक्लाहोमा सिटीच्या ईशान्येला, रूट ६६ या जुन्या महामार्गाच्या काठावर लाल रंगाचा, घुमटासारख्या छपराचा बार्न आहे. विल्यम हॅरिसन ओडर या शेतकऱ्याने तो १८९८ मध्ये बांधला. व्यास ६० फूट, उंची ४५. रूट ६६ तेव्हा जन्मलाही नव्हता. तो १९२६ साली झाला, आणि बार्न त्याच्यामुळे प्रसिद्ध झाला.

ओडरने जवळचाच ओक कापून त्याच्या ओल्या फळ्या पाण्यात भिजवल्या आणि साच्यात अडकवून वाकवल्या. वादळांच्या मुलखात गोल भिंतीवर वारा कमी अडतो, हा त्याचा विश्वास होता. बांधकाम चालू असताना कामगारांच्या लक्षात आलं की वरचा मजला नाचासाठी झकास होईल. चांगल्या लाकडाच्या जमिनीचा वाढीव खर्च आपण देऊ, असं त्यांनी ओडरला सांगितलं, आणि तो मजला तसा झाला. खाली जनावरं आणि गवत, वर गाणं-नाच.

माझ्या कसोटीवर हा बार्न इतर तिघांच्या मागे पडतो. आत काम गोल फिरावं अशी खास योजना इथे नाही. पण कारागिरी पाहायची असेल तर हाच पहिला. घुमटाच्या आतल्या बाजूला वाकवलेल्या फासळ्या उघड्या दिसतात, आणि वर उभं राहून बोललं तर आवाज कसा फिरतो ते कानाला कळतं.

शिवाय याची दुरुस्तीची कहाणी माझ्या मनाला फार भिडते. १९८८ मध्ये छप्पर कोसळलं. ल्यूक रॉबिसन या निवृत्त बांधकाम कंत्राटदाराने बहुतेक निवृत्त माणसांचा गट जमवला आणि तो बार्न पुन्हा उभा केला. १९९२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. गावातल्या वयस्कर माणसांनी हातात करवत घेऊन वाचवलेली ही वास्तू आहे.

जुनं किती, नवं किती

काही लोकांना मूळ दगड-लाकूडच हवं असतं. त्यांच्यासाठी क्रम असा लागतो. हॅन्कॉकची गोल भिंत मूळ जागी आहे, आतलं लाकूड आगीनंतरचं. शेलबर्नचं बांधकाम जुनं, पण जागा बदललेली. आर्केडिया मूळ जागी, छप्पर नवं. माउंट व्हर्ननचं कोठार मात्र १९९६ मध्ये नव्याने बांधलेलं आहे. मूळ कोठार डोग रन या शेतावर होतं आणि एकोणिसाव्या शतकातच गेलं. वॉशिंग्टनचा आराखडा आणि एक जुनं छायाचित्र यांच्या आधारे ते पुन्हा उभारलं.

नवं आहे म्हणून मी ते खाली ढकलणार नाही. मळणी हा एक व्यवहार आहे, आणि तो व्यवहार समजावण्यात नव्या फळ्या कुठे कमी पडत नाहीत. पण तीन फुटी दगडी भिंतीवर हात ठेवायचा असेल, तर त्याला दुसरा पर्याय हॅन्कॉकशिवाय नाही.

कुणी कुठे जावं

बॉस्टनहून हॅन्कॉक गाडीने साधारण अडीच तास, न्यूजर्सीच्या एडिसनकडून तीनच्या आसपास. बर्कशायरच्या डोंगरात आहे, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला पानं रंगतात तेव्हा गेलात तर एका फेरीत दोन्ही होतं. लहान मुलं असतील तर वसंतात जा, तेव्हा कोकरं, वासरं असतात. हिवाळ्यात तिथलं वेळापत्रक बदलतं, शेलबर्नचंही, त्यामुळे निघण्याआधी संकेतस्थळ पाहा.

वॉशिंग्टन, मेरिलँड, उत्तर व्हर्जिनियात राहणाऱ्यांना माउंट व्हर्नन अगदी जवळ. वाडा सकाळी उरकून शेताकडे उतरा. वाड्यापासून तिथवर उताराची चाल आहे आणि परतताना तीच चढण होते, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांसाठी आत ने-आण करणाऱ्या गाडीची चौकशी प्रवेशद्वाराशीच करा.

डॅलसकडच्या लोकांना आर्केडिया शनिवार-रविवारात जमतं. वरच्या मजल्यावर समारंभ असला तर तो बंद असू शकतो, आधी विचारून घ्या, कारण वर न जाता परत येणं म्हणजे बार्नचा चांगला अर्धा भाग सोडणं.

आणि कॅलिफोर्नियाच्या बे एरियातले लोक विचारतील म्हणून सांगतो: सांता रोझाजवळचा फाउंटनग्रोव्हचा गोल बार्न २०१७ च्या वणव्यात जळून गेला. पश्चिमेकडे पाहायचा तर ओरेगॉनच्या आग्नेय कोपऱ्यात, डायमंड गावाजवळ, पीट फ्रेंच या पशुपालकाचा १८८० च्या दशकातला शंभर फुटी गोल बार्न आहे. तो थंडीत छपराखाली घोडे फिरवून माणसाळवण्यासाठी बांधला होता: मधे दगडी रिंगण, बाहेर धावपट्टी, जुनिपरचे खांब. काम गोल फिरण्याची कसोटी तो पुरेपूर पार करतो. पण आसपास मैलोन्‌मैल वस्ती नाही, म्हणून टाकी भरून आणि पाणी बरोबर घेऊनच निघा.